साडेअकराच्या आत

सव्वानऊला मी बाबांच्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं, चहाचा कप टेबलावर ठेवला, आणि वर बघतो तर पडद्याच्या कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या नखाएवढ्या चिन्हावर फुली. काल संध्याकाळी हे चिन्ह धडधाकट होतं, मी स्वतः पाहिलं होतं. आणि आजच, सगळे दिवस सोडून आजच. आज साडेअकराला ताईचा फोन यायचा होता, म्हणजे फोन नव्हे, तिचा चेहरा यायचा होता, या पडद्यावर, दर रविवारी येतो तसा. फक्त आज रविवार नव्हता. आज ती पाचशे मैलांवरच्या एका हॉस्पिटलच्या खाटेवरून बोलणार होती आणि बाराला तिला ऑपरेशनला आत नेणार होते. डाव्या कानाखाली गाठ. गाठीचं विशेष नाही, ती निघेल, असं सर्जनने सांगितलं होतं. पण चेहरा हलवणारी शीर बरोबर त्या गाठीतून जाते, आणि ती दुखावली तर डावा गाल, डावा ओठ लटका पडणार, कदाचित कायमचा. दुसऱ्या कोणाचं असतं तर म्हटलं असतं, जीव वाचतोय ना, चेहऱ्याचं काय घेऊन बसलात. पण बाबांना आठ वर्षं झाली, कानांनी काहीही ऐकू येत नाही. ते ओठ वाचतात. आणि तेही सगळ्यांचे नाही, दुकानदाराचे नाही, डॉक्टरांचे नाही, माझे तर नाहीच. जगात एकाच माणसाचे ओठ त्यांना पुस्तकासारखे वाचता येतात, आणि ते ओठ आज बारापर्यंतच तसे असणार होते.

आता हे कोणाला सांगायची सोय नाही, पण काल मीच ते मशीन अपडेट केलं होतं. वीस वर्षं मी नेटवर्क सांभाळतोय. ऑफिसात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगतो की महत्त्वाच्या कामाच्या आदल्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही, चालतंय ते चालू द्यायचं, हाताची घडी घालून बसायचं. आणि काल सहाला इथे आलो, बाबा टीव्हीपुढे बसून बातम्यांच्या खालची पट्टी वाचत होते, मला करायला काही नव्हतं, बसवत नव्हतं, ताईचं डोक्यातून जात नव्हतं. तेव्हा म्हटलं, उद्यासाठी सगळं जरा ठाकठीक करून ठेवू. ठाकठीक! दोन वर्षांचे साचलेले अपडेट एका बैठकीत चढवले. मशीन ज्याच्यावर चालतं त्या लिनक्सचा गाभाच नवा झाला. डिस्क भरत आली म्हणाली तर जुना गाभा स्वतःच्या हाताने उडवला, म्हणजे मागे फिरायची वाटही मीच बुजवली. मग मशीन बंद केलं. परत चालू करून पाहिलं का? नाही. जेवायला बसलो. कोणी शिकाऊ असं वागला असता तर मी त्याला उभा-आडवा घेतला असता. इथे तो शिकाऊ मीच होतो, पंचेचाळीस वर्षांचा, आणि झापायला कोणी नव्हतं.

तरी पहिली वीस मिनिटं मी मशीनवर संशय घेतलाच नाही, वायरवर घेतला. माणूस आपल्या पापाजवळ सरळ जात नाही. टेबलाखाली शिरलो. तिथे बाबांची एक चप्पल, दोन पेनं आणि आठ वर्षांची धूळ. भिंतीतून येणारी वायर काढली, फुंकली, परत खोचली. काढली, उलटसुलट पाहिली, परत खोचली. दिवा लागत होता, म्हणजे वायर जिवंत होती. "काय रे, हरवलंय काय?" वरून बाबांचा आवाज. बाबा शाळेत कवायत शिकवायचे. मैदानाच्या त्या टोकापर्यंत जाणारा आवाज त्यांनी निवृत्तीनंतरही खाली आणला नाही, आणि कान गेल्यावर तर खाली आणायचं कारणच उरलं नाही. मी टेबलाखालून म्हटलं, काही नाही, बसा. अर्थात त्यांना ते कळलं नाही, मी टेबलाखाली होतो. ते वाकले आणि पुन्हा ओरडले, "काय हरवलंय?" मी डोकं वर करायला गेलो ते फळीवर आपटलं. मग इंटरनेटवाल्या कंपनीला गॅलरीत जाऊन फोन लावला, कारण या घरात मोबाइलला रेंज फक्त गॅलरीच्या उजव्या कोपऱ्यात, कपडे वाळत घालतात तिथे येते. अकरा मिनिटं संगीत ऐकवल्यावर एक मुलगी आली आणि म्हणाली, सर, रीस्टार्ट करून पाहिलंत का? मी म्हटलं, हो. मग म्हणाली, डाव्या कोपऱ्यातल्या खिडकीच्या चिन्हावर क्लिक करा. मी म्हटलं, ते चिन्ह नाहीये, लिनक्स आहे. ती म्हणाली, सर, मग ते काढून दुसरं काही टाकता येईल का? माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण बिचारीची काय चूक? तिच्या कागदावर लिहिलेलं होतं ते ती वाचत होती. आमच्याकडून लाइन व्यवस्थित आहे, सर, एवढं मात्र तिने सांगितलं, आणि तेच मला ऐकायचं नव्हतं.

दहा वाजले. माझ्या मोबाइलवरून कॉल लावणं हे कोणालाही सुचेल, मलाही सुचलं होतं. पण गॅलरीच्या कोपऱ्यात जेमतेम आवाज जातो, चित्र दर दोन सेकंदांनी गोठतं. अडकत अडकत हलणाऱ्या ओठांवरून बाबा काय वाचणार? माझा लॅपटॉप होता, तर तो ऑफिसने दिलेला नवा, पातळ, त्याला वायर खोचायला भोकच नाही. त्यासाठी लागणारं बोटभर यंत्र ऑफिसच्या खणात, जाऊन येऊन दोन तास. घरात वायफाय नाही, कारण बाबांना लागत नाही, असं मीच आठ वर्षांपूर्वी ठरवलं होतं. शेवटी बसलो पडद्यासमोर, काळी खिडकी उघडली आणि मशीनला विचारलं, तुझ्याकडे जोडण्या कोणकोणत्या आहेत? उत्तर आलं, एक. ती एकच, जी प्रत्येक मशीनमध्ये असते, मशीन जिच्यातून स्वतःशीच बोलतं. बाहेर जाणारी एकही नाही. मग विचारलं, वायर जिथे खोचतात ते नेटवर्कचं कार्ड दिसतंय का? दिसतंय म्हणालं, हे बघ, कंपनीच्या नावासकट दिसतंय. त्याला चालवणारा ड्रायव्हर? ती ओळच रिकामी. म्हणजे कार्ड जागेवर, वायर जागेवर, मधला बोलका माणूस गायब. ठीक. गाभ्याबरोबर या कार्डाचा ड्रायव्हर येतो हे मला ठाऊक होतं, त्याला नाव घेऊन हाक मारली. मशीन काही बोललं नाही. लिनक्समध्ये काही न बोलणं म्हणजे काम झालं. पुन्हा पाहिलं, तर ड्रायव्हर नाहीच. पुन्हा हाक मारली. गप्प. चूक झाली असती तर चूक दाखवायची होती, भांडायचं होतं, नाही म्हणायचं होतं. पण ते मुकाट्याने मान डोलवायचं आणि करायचं काहीच नाही. च्यायला, या प्रकाराचा मला जन्मभराचा वैताग आहे. सात-आठ वेळा तीच आज्ञा दिली, प्रत्येक वेळी बटणं आणखी जोरात दाबून.

ऑफिसात मला कारणसम्राट म्हणतात, माझ्या पाठीमागे, पण मला माहीत आहे. सगळे म्हणतात, चालू झालं ना, मग सोडा. मी म्हणतो, बंद का पडलं होतं ते कळल्याशिवाय मी उठणार नाही. बाबांचे कान गेले तेव्हाही मी तेच केलं. साधा ताप होता, मग तो साधा राहिला नाही, सतरा दिवस हॉस्पिटल, आणि जीव वाचवणाऱ्या त्या इंजेक्शनांनी कान नेले. मी रिपोर्ट गोळा केले, कोणतं इंजेक्शन, किती, कोणत्या तारखेला, त्याची तक्त्यात मांडणी केली, तीन डॉक्टरांना भेटलो. तिघांनीही तेच सांगितलं, जे पहिल्याने सांगितलं होतं. तोवर ताई आली होती. बिनपगारी रजा टाकून, नवऱ्याला आणि मुलीला तिकडे सोडून, तीन महिने. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ती बाबांना रोज सकाळी खिडकीपाशी बसवायची, स्वतः उजेडात तोंड करून समोर बसायची आणि बोलायची. एकेक शब्द, मग एकेक वाक्य. बाबा चिडायचे, वही फेकायचे, एकदा उठून अंगणात जाऊन बसले तर ती अंगणात गेली. मी शनिवारी यायचो, दारात उभा राहून हा कार्यक्रम बघायचो आणि मला कसनुसं व्हायचं, म्हणून दुसऱ्या खोलीत जायचो. तिची रजा संपत आली तेव्हा मी म्हटलं, त्यात काय, बाबांना कॉम्प्युटर बसवून देतो, मोठा पडदा, कॅमेरा, दर रविवारी समोरासमोर बसल्यासारखं बोला. एका दुपारीत बसवून दिला. मला तेव्हा फार काही केल्यासारखं वाटलं होतं.

"झालं का?" बाबा मागे उभे होते. अकराला दहा कमी. इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस पाणी लावून बसवले होते. मी मान न वळवता म्हटलं, होतंय. मग आठवलं, आणि वळून म्हटलं, होतंय, थोडा वेळ लागेल. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "काय?" मी पुन्हा म्हटलं. "काय ते धड बोल." मी वही ओढली, टेबलाला दोरीने बांधलेली त्यांची वही, आणि लिहिलं, होतंय. त्यांनी वाचलं. "काल चालत होतं," ते म्हणाले. मी लिहिलं, हो. "मग आज का नाही?" आता या प्रश्नावर मी काय लिहू? मी केलं म्हणून, असं लिहायला हवं होतं. मी लिहिलं, बघतोय ना! उद्गारचिन्ह इतक्या जोरात दिलं की कागद फाटला. बाबांनी फाटक्या जागेवरून बोट फिरवलं आणि खुर्ची ओढून कॅमेऱ्यासमोर, दर रविवारी बसतात तिथे, बंद पडद्यासमोर बसलेल्या माणसासारखे नाही तर अगदी वेळेवर आलेल्या माणसासारखे बसले. त्यांना उठवायला माझा धीर झाला नाही, त्यामुळे मी त्यांच्या बाजूला स्टुलावर, कीबोर्ड मांडीवर घेऊन. इतक्या जवळ आम्ही दोघं किती वर्षांत बसलो नव्हतो. त्यांच्या अंगाला साबणाचा वास येत होता. त्यांनी शर्टाची कॉलर दोनदा नीट केली, आणि मला त्या नीट करण्याचाही राग आला, कारण ते मला उद्देशून आहे असं वाटलं.

मग साडेअकरा वाजले आणि उलटले. घड्याळाकडे बाबांनी पाहिलं, मी पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं नाही. तिकडे ताई खाटेवर बसून आमच्या नावावर बोट ठेवून असेल, लागत नाही म्हणत असेल. गॅलरीत जाऊन तिला सांगावं तर काय सांगावं? हात टेकले होते माझे, अगदी खरं सांगतो. आणि हात टेकल्यावरच कदाचित डोकं चालतं, कारण तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं की हे मशीन हो म्हणून काही करत नाही, तर त्याला असं वागायला सांगितलंय कोणी? ज्या फोल्डरमध्ये असल्या सूचना असतात ते उघडलं. सहा फाइली मशीनच्या स्वतःच्या. सातवी परकी. नाव वाचलं तर माझं, माझ्या नावाची आद्याक्षरं. उघडली. आत दोनच ओळी. पहिलीचा अर्थ एवढाच, की हा ड्रायव्हर कोणी मागितला तर हो म्हण आणि काहीही करू नकोस. दुसरी ओळ मशीनसाठी नव्हती, माणसासाठी होती: तात्पुरतं. नंतर काढणे. तिच्याच पुढे तारीख, आठ वर्षांपूर्वीची, ताई परत गेली त्याच्या आदल्या दिवसाची.

सगळं आठवलं. त्या दुपारी गाभ्यातला ड्रायव्हर या कार्डाशी नीट वागत नव्हता, दर दहा मिनिटांनी जोडणी तुटायची. कारण शोधायला दोन तास लागले असते. मला, कारणसम्राटाला, कारण नको होतं. मला घरी जायचं होतं. आतल्या खोलीत ताई बाबांकडून शेवटची उजळणी करून घेत होती आणि बाबांचा तो मोठा, चुकणारा आवाज भिंतीतून येत होता, आणि मला तो ऐकवत नव्हता. म्हणून गाभ्यातल्या ड्रायव्हरचं तोंड बंद केलं, कार्डवाल्या कंपनीचा ड्रायव्हर वरून बसवला, चालू झालं, निघालो. आठ वर्षं कंपनीचा ड्रायव्हर चालला. काल गाभा बदलला, त्याला तो चालेना, आणि जो चालला असता त्याच्या तोंडावर माझाच बोळा. नंतर काढणे! नंतर कोण येणार होतं काढायला? ओळ पुसली, ड्रायव्हरला हाक मारली. मशीन या वेळीही काही बोललं नाही, पण कोपऱ्यातली फुली गेली. अकरा सेहेचाळीस.

ताई पहिल्याच घंटेला आली. हिरवा गाऊन, केस टोपीत, आणि डाव्या कानापासून जबड्यापर्यंत सर्जनने निळ्या पेनाने काढलेली रेघ. बाबा पुढे सरकले. तिने बोलायला सुरुवात केली आणि आवाज नाही. ओठ हलतायत, ठसठशीत हलतायत, पण आवाज नाही. कपाळ माझं! आता आवाजाचं काय झालं? मी बाबांच्या पुढ्यातून वाकून स्पीकरची वायर हलवली. आवाजाची खिडकी उघडली, पट्ट्या सगळ्या वर नेल्या. साउंड कार्ड दिसतंय, ड्रायव्हर आहे, स्पीकर चालू आहे, तरी काही नाही. म्हणजे त्या बाजूला. मी कॅमेऱ्याकडे बघून ओरडलो, ताई, तुझा माइक बंद आहे, खाली माइकचं चिन्ह आहे बघ! ती माझ्याकडे बघून हसली, मान हलवली आणि पुन्हा बाबांशी बोलायला लागली, बिनआवाजी. मी पुन्हा पट्ट्यांकडे वळलो. तीन मिनिटं, चौदांतली तीन मिनिटं मी त्यात घालवली, माझं डोकं आणि खांदा बाबांच्या आणि पडद्याच्या मधे घालून. शेवटी बाबांनी माझा दंड धरला. "अरे, बाजूला हो," ते म्हणाले. "ती आवाज काढतच नाहीये."

मी बाजूला झालो. "कधीच काढत नाही," बाबा म्हणाले. "आवाज काढला की माणूस तोंड कमी हलवतो. तिलाच कळलं ते." आठ वर्षं, दर रविवारी, हे असं चाललं होतं, आणि मला कसं ठाऊक असणार? मी एकाही रविवारी इथे बसलो नव्हतो. मी कीबोर्ड खाली ठेवला. आता मला फक्त बाबांचा अर्धा संवाद ऐकू येत होता. हो. नाही, झोपलो ना, चांगला झोपलो. तूच भिऊ नकोस. हो, त्यानेच केलं चालू. चिडलाय, दुसरं काय. मग बराच वेळ ती बोलली आणि बाबा नुसते बघत होते, पापणी न हलवता, आणि मी तिचे ओठ बघत होतो आणि मला एक अक्षरही लागत नव्हतं. माझ्याच बहिणीचे. मला इतकी लाज वाटली आणि इतका संताप आला, तिचा, माझा, सगळ्याचा. मग बाबा म्हणाले, "एकदा बाबा म्हण." ती म्हणाली. एवढं मलाही वाचता आलं. "हं. आणखी एकदा," बाबा म्हणाले, आणि तिने आणखी एकदा म्हटलं, तिचे डोळे भरले होते तरी तोंड वाकडं होऊ दिलं नाही.

मागून नर्स आली. तिने ताईच्या खांद्याला हात लावला. तेव्हा ताई माझ्याकडे वळली आणि काहीतरी म्हणाली, मला, सरळ माझ्याकडे बघून, पण तसंच, बिनआवाजी. मी म्हटलं, काय? मोठ्याने बोल ना, ताई, मला ऐकू येतं! तिने पुन्हा तेच म्हटलं, तसंच, आणि निळ्या रेघेवरून बोट खाली ओढत नेलं. मी बाबांना विचारलं, काय म्हणतेय? हाताने विचारलं. बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "दाढी काढ म्हणते," ते म्हणाले. "मिशीसकट. आजच." आणि मग पडद्यावर छत दिसलं, मग काहीच नाही.

दाढी माझी पंधरा वर्षांची. बाबांच्या मोरीतल्या आरशासमोर त्यांच्याच वस्तऱ्याने ती काढायला पाऊण तास लागला, तीन ठिकाणी कापलं. बाबा दारात उभे राहून कवायतीसारखे हुकूम सोडत होते, डावीकडे राहिलंय, ओठाच्या वर आणखी. तोंड धुऊन वळलो तर ते माझ्या तोंडाकडे बघत होते, ओळख पटवल्यासारखे. मी म्हटलं, दिसतंय का आता? "पुन्हा म्हण." दिसतंय का? "चिडू नकोस," बाबा म्हणाले. "चिडलास की ओठ आवळतोस, मग काही दिसत नाही." मी पाचव्यांदा म्हटलं तेव्हा त्यांना कळलं, म्हणाले, दिसतंय. दुपारभर आम्ही खिडकीपाशी बसलो. पाणी हवं का, हे तीनदा. वरण गरम करू का, हे सहा वेळा, आणि सहाव्यांदा मी इतका वैतागलो की उठून ते गरमच करून आणलं. ताईने हे तीन महिने कसं केलं, कोण जाणे.

सव्वापाचला गॅलरीत मोबाइल वाजला. भावोजींचा. त्यांनी आधी सांगितलं, ती शुद्धीवर आली, बोलते, गाठ पूर्ण निघाली, काळजीचं काही नाही. मी म्हटलं, भावोजी, शीर? ते म्हणाले, डाव्या बाजूची वाचवता आली नाही रे. खूप प्रयत्न केला म्हणतात. मी बरं म्हटलं. वाळत घातलेल्या बाबांच्या बनियनला धरून थोडा वेळ उभा राहिलो. वही आत टेबलाला बांधलेली होती, लिहून दाखवता आलं असतं. मी वही घेतली नाही. बाबांच्या समोरची खुर्ची खिडकीकडे तोंड करून ओढली, बसलो, उजेड तोंडावर घेतला आणि आवाज न काढता म्हटलं, ताई बरी आहे. डावी बाजू गेली.

त्यांनी पुन्हा म्हण म्हटलं नाही. माझं वाक्य त्यांना पहिल्यांदाच एका झटक्यात कळलं होतं. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले, आणखी काही येतंय का म्हणून, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाले, "उजवी आहे ना? उजवीवरून शिकू."

मी हो म्हटलं.